अर्ध्यात थांबणारी पेटी

"पेटीला कुनी शिवलंय का? बघा, डोळे फाडून बघा!" नादस्वामींनी दोन्ही हात वर केले. सेलूच्या त्या पत्र्याच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. चौरंगावर भोंगेवाल्या बन्सीधरनं मुंबईहून आणलेला सिंथेसायझर होता. गाव त्याला लाइटीची पेटी म्हणे. तिच्यावर हार, बेलाची पानं, भस्म. स्वामींनी 'नमः शिवाय' म्हणत घंटा हलवली आणि पेटी आपोआप वाजू लागली. एकही पट्टी खाली गेली नाही.

शांतम्मा सगळ्यांच्या पुढे बसली होती. मांडीवर तिची लेक सिद्धी, तापानं फणफणलेली. सूर कानावर पडला तसा शांतम्माच्या अंगावर काटा आला. हे तिच्या नवऱ्याचंच वाजवणं होतं, यात शंकाच नव्हती. शिवरुद्रचं मधलं बोट कापसाच्या जिनिंगच्या रोलरात गेलं होतं. वरच्या सुराला जाताना त्याचा हात जरा अडखळे आणि मग उडी मारून पुढे जाई. भजनी मंडळात ते कुणीही ओळखावं. पण शिवरुद्रला छातीत कळ येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"आलाय तुझा धनी," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "काय म्हनायलाय, आयकलंस? लेकराला सुई टोचू नको. दवाखान्याची पायरी चढलीस तर पोर परत यायची न्हाई!"

पेटी काय म्हणते ते फक्त स्वामींना कळे. याच सुरांतून मागच्या सोमवारी त्यांनी एकाच्या हरवलेल्या म्हशीचा पत्ता सांगितला होता. म्हैस अजून सापडलेली नव्हती, पण तेवढ्यासाठी कुणाची भक्ती आटली नव्हती.

शेजारी राहणाऱ्या मनकर्णाबाई कन्याशाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या शांतम्माच्या कानाशी लागल्या, "पोरीचे डोळे हळदीसारखे झालेत गं. आत्ताच्या गाडीनं परभणीला चल. मी येते संगं."

"ते सवता नको म्हनायलेत बाई," शांतम्मा म्हणाली. "मी त्यायचं आयकू का तुमचं?"

तिनं तरी काय करावं? पोरीला न्यावं तर नवऱ्याचा शब्द मोडायचा, न न्यावं तर पोर डोळ्यांदेखत चालली होती. रोज रात्री ती देव्हाऱ्यापुढे डोकं आपटी आणि सकाळी सिद्धीच्या कपाळाला हात लावायला घाबरे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

भजन तिसऱ्या कडव्यात आलं. एक सूर लांबला, लांबतच गेला आणि पटकन तुटला.

"कैलासाला गेला!" स्वामी म्हणाले. दर सोमवारी ते इथंच असं म्हणत.

तेवढ्यात सिद्धी ग्लानीत "आई" म्हणाली, आणि शांतम्माला आपलीच हाक आठवली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूची सभा असो की विरोधातली, भोंगे बन्सीधरचे असत. त्या धंद्यावर त्यानं ही पेटी आणि एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. भजनांच्या कॅसेटी काढायच्या म्हणून. जोडणीच्या दिवशी पेटी काही कॉम्प्युटरचं ऐकेना. सकाळभर खटपट केल्यावर कळलं, पाच पिनांची वायर उलट्या भोकात खुपसलेली. मग तपासून बघायला त्यानं शिवरुद्रला वाजवायला बसवलं. तिसरं कडवं चालू असताना शांतम्मा दारातून ओरडली होती, "अवो, पोरगी जिन्यावरून पडली!" शिवरुद्रनं मान वळवली. बोट पट्टीवर तसंच राहिलं. मग तो उठून पळाला.

शांतम्मा उभी राहिली. "पुढचं वाजवा."

"आत्मा दमला, माय."

"मेलेल्याला कशाचा दम? त्यायनी जन्मात एकच भजन अर्धं टाकलं. मी हाक मारली म्हनून. ते हितंच टाकलं!"

मनकर्णाबाईंनी पुढे होऊन चौरंगाचं कापड उचललं. खाली पाच पिनांची वायर होती आणि ती सतरंजीखालून पडद्यामागे गेली होती. बाईंनी पडदा सारला. कॉम्प्युटरपुढे बन्सीधर घामाघूम होऊन बसला होता.

"सांग आता सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"यात आवाज नसतो भरलेला," तो खाली बघत पुटपुटला. "कोनती पट्टी, कव्हा, किती जोरात दाबली, तेवढं हे टिपून ठिवतं. मग वायरीतून पेटीला तसाच हुकूम सोडतं. म्हनून पट्टी हलत न्हाई. स्टुडिओत कुनी येईना... स्वामी म्हनले, असं करू."

"जोरात पळव बघू," बाईंनी सांगितलं.

बन्सीधरनं बटण दाबलं. भजन दुडक्या चालीनं धावू लागलं. दुसरं बटण दाबलं तर तेच भजन सनईत वाजलं. बाईंनी वायर उपटली आणि आत्मा गप्प झाला. लोक हसले, मग चिडले. स्वामी मागच्या दारानं निघाले तेव्हा म्हशीचा मालक त्यांच्या मागे होता.

शांतम्मानं हा पुढचा तमाशा पाहिला नाही. सिद्धीला खांद्यावर टाकून ती स्टेशनाकडे धावत सुटली होती, आणि वायर टाकून मनकर्णाबाई तिच्या मागे.

परभणीच्या डॉक्टरांनी पोरीला बघून कपाळाला हात लावला. कावीळ पार मुरली होती. फार हाल झाले, पण सिद्धी उठली. घरी आली तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. एकीनं हळूच विचारलं, "मंग ते वाजवनं त्यायचं न्हवतंच का गं?"

"त्यायचंच व्हतं," शांतम्मा म्हणाली, आणि इतके दिवस अडवलेलं रडू फुटलं. "पर पोरगी पडली म्हनल्यावर जो मानूस भजन टाकून पळाला, तो पोरीला दवाखान्यात नेऊ नको म्हनल का? एवढंच इचारायचं व्हतं मला. मी इचारलंच न्हाई. तुमी तरी इचारीत जा गं. पाया पडायच्या आदी इचारीत जा."