वरच्या फांदीवरचा पुठ्ठ्याचा तारा

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक म्हातारा तारा आहे. आकाशातला नव्हे, नाताळच्या झाडावरचा. बुटांच्या खोक्याच्या झाकणातून मला कापलं. कापणारा हात कात्रीला अजून सरावलेला नव्हता, म्हणून माझं एक टोक आखूडच राहिलं.

मला घडवणारा मुलगा तेव्हा नुकताच शाळेत जाऊ लागला होता. त्याचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या डब्याच्या तळाशी उरलेला सोनेरी रंग त्याने बोटानेच माझ्यावर फासला. रंग टेबलाला लागला, शर्टाला लागला, नाकाच्या शेंड्यालाही लागला. त्याची आई दवाखान्यात नर्स होती. ती ड्यूटी संपवून आली आणि दारातच थबकली.

"अरे, हे काय सोंग!" म्हणत ती हसत सुटली.

"सोंग नाही, तारा आहे," तो फुरंगटून म्हणाला.

बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याने मला झाडाच्या अगदी वरच्या फांदीला बांधलं. झाडावर काचेचे गोळे होते, पितळी घंटा होत्या, पण घरात येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडेच बघायचा. मी हरखून गेलो होतो.

पुढचा नाताळ यायच्या आत तो मुलगा तापाने गेला. ताप चढला तेव्हा आई दवाखान्यात दुसऱ्यांच्या मुलांच्या उशाशी होती. ही गोष्ट तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. पण मला मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवताना ती पुटपुटायची, "मी घरी असते तर..." त्याच्या पुढचं वाक्य मी कधीच ऐकलं नाही.

काही वर्षांनी त्या घरात मुलगी झाली. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणू लागले. दर नाताळला डबा उघडायची वेळ झाली की तिला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहावं लागे.

"हात लावायचा नाही हं, दादाचा आहे," आई म्हणायची.

ज्या दादाला पिटुकलीने कधी पाहिलंच नव्हतं, त्याचा तारा ती मान वर करकरून बघायची. मग स्वतःही काहीबाही करायची. कधी रंगीत कागदांच्या साखळ्या, कधी कापसाचा मेंढा, कधी बटणांची माळ. "छान झालंय हं," म्हणून आई ते घ्यायची आणि झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला अडकवून टाकायची. नाताळ सरला की सगळ्यांत आधी मला फडक्यात गुंडाळलं जाई. बाकीचं सामान कोण आवरतं, कसं आवरतं, ते मला आतून दिसत नसे.

एका वर्षी पिटुकलीनेही तारा केला. बाबांकडून तार मागून तिने सांगाडा वळवला, त्यावर पातळ कागद ताणून बसवला. खरं सांगतो, तो माझ्यापेक्षा कितीतरी देखणा होता. त्याची सगळी टोकं सारखी होती. ती स्टुलावर चढली, मला सोडवून हातात घेतलं आणि वरच्या फांदीला आपला तारा बांधला. तेवढ्यात आई आली.

"खाली उतर. आणि त्याला आधी जागेवर ठेव."

"आई, या एका वर्षी माझा राहू दे ना."

"ती जागा त्याची आहे."

"पण तो नाहीये! मी आहे!"

आईचा हात उठला आणि पिटुकलीच्या गालावर बसला. बाबा ब्रश हातात घेऊन दारात उभे होते. "अगं, काय करतेस!" एवढंच ते म्हणाले. पिटुकली रडली नाही. तिने फक्त मूठ आवळली आणि त्या मुठीत मी होतो. माझं एक टोक मोडून लोंबू लागलं. आईने मला तिच्या हातातून काढून घेतलं, एखाद्या जखमी लेकराला घ्यावं तसं छातीशी धरलं. आणि पिटुकली लाल गाल घेऊन समोर उभी. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, मला कुणीतरी खाली ठेवा आणि तिला उचला. पण मला कुठलं तोंड!

बाबांनी कागदाची पट्टी चिकटवून मला सांधलं. त्या घरात मात्र पुन्हा झाड लागलं नाही. डबा कपाटावर गेला. दमट हवेने माझा रंग पोपडे धरून गळाला, कसर माझी कड कुरतडू लागली. आतून मला फक्त आवाज ऐकू येत. पिटुकलीची शाळा संपली, ती दूरच्या शहरात नोकरीला गेली. मग फोन यायचे. "जेवलीस का?" "हो." "बरं, ठेवते." बाबांचा खोकला वाढत गेला आणि एका हिवाळ्यात तोही ऐकू येईनासा झाला.

मग आई न्हाणीघरात घसरून पडली, तिचा पाय मोडला. पिटुकली रजा टाकून आली. नाताळ जवळ आला होता. एका दुपारी अंथरुणातून आई म्हणाली, "कपाटावरचा तो डबा काढ गं."

माझ्यावरचं फडकं सुटलं तेव्हा मला दिसलं, आता पिटुकलीच्याही केसांत चंदेरी बटा होत्या. आईने एकेक वस्तू पांघरुणावर मांडली. गोळे, घंटा, मी. मग तिने डबा आतून चाचपला, उपडा केला, झटकला.

"तुझं कुठाय?"

"माझं काय?"

"तू करायचीस ते. साखळ्या, तो मेंढा, तुझा तारा..."

"ते तू फेकून द्यायचीस, आई. दर वर्षी. झाडाच्या केरकचऱ्याबरोबर."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

"मी?" आईचा चेहरा पडला. "मला आठवतसुद्धा नाही गं."

"मला आठवतं."

पिटुकली उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती आता बॅग भरते की काय, या धास्तीने मी पडून होतो. पण ती पाण्याचा पेला घेऊन परत आली आणि पलंगापासून जरा लांब, खुर्चीवर बसली.

"त्याला ताप चढला तेव्हा मी घरी नव्हते," आई म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच पूर्ण झालं. "म्हणून मग त्याचं काहीही हलू द्यायचं नाही, असं धरून बसले. तू काय, समोरच होतीस. मला वाटायचं, ही तर आहेच."

"होते ना. पण तुला दिसत नव्हते."

आई रडू लागली. पिटुकलीने तिला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आधी गोळी घे."

गोळी गिळून आईने विचारलं, "काय काय केलं होतंस, सांगशील मला?"

"आज नको."

"बरं. उद्या?"

"बघू."

त्या वर्षीही झाड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पिटुकलीने काही सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पण तिने रजा वाढवून घेतली, एवढं फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. आम्हाला कोरडं ठेवा, कसर लागू देऊ नका. गेलेल्या माणसाचा हात आमच्यावरून फिरलेला असतो. पण आमच्यावरचं फडकं उलगडण्याआधी एकदा मागे वळून बघा, तिथे कुणी हात पाठीमागे बांधून उभं तर नाही ना? असेल, तर आधी त्याच्याकडे जा. मी डब्यात राहीन. पुठ्ठ्याला काय, कितीही वर्षं थांबता येतं. लेकरांना नाही येत.