पितराचं पोट

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी झुंबरबाई शालिग्रामच्या ओट्यासमोर उभी राहून भांडत होती. शालिग्राम आडवा पडून ऐकत होता. उठून बसणं त्याला जमत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा ताप आला आणि गावातलं एकही घर सोडून गेला नाही. त्यानंतरची ही पहिली अखजी. मेलेल्याच्या नावानं घागर भरायची, त्याच्या जागी एक माणूस पितर म्हणून जेवू घालायचा. पितर उदंड झाले, जेवणारे थोडे उरले. सकाळपासून शालिग्राम कोणाचा बाप, कोणाचा भाऊ होऊन जेवून आला होता.

"तुमी कबूल केलतं ना भाऊ?"

"केलतं वयनी. पन पोट हाये का कणगी?"

"मंग माह्या मालकानं उपाशी जावं काय?"

"पुंजाजी रिकामा हाये. त्याले कोनीच बलावलं नाई."

बोलावणार कोण? पुंजाजी दुसऱ्याच्या पंगतीत बसून अन्नाला नावं ठेवी. शिवाय झुंबरबाईचा तापात गेलेला नवरा उकंडराव आणि तो, शेताच्या धुऱ्याचे, बांधाला बांध लागून असलेले शेजारी. दोघांचा जन्म त्या धुऱ्यावर भांडण्यात गेला. पण दिवस कलत होता. ती पुंजाजीच्या दारात गेली. तो टोपी घालून तयारच बसला होता.

पाटावर बसवून तिनं त्याला गंध लावलं, डोक्यावर पदर घेतला. ओसरीवर शेजारणी जमल्या.

"कढी पातळ हाये," पुंजाजी म्हणाला.

"माह्या मालकाले अशीच लागे. आज तुमी पुंजाजी नाई."

तो मुकाट जेवू लागला. झुंबरबाईनं पोळी वाढता वाढता विचारलं, "काहो, आता सांगा. धुरा कोनाचा?"

पुंजाजीचा घास थांबला. शेजारणी पुढे सरकल्या. पितर खोटं बोलला तर घागर बाटते.

"माहा," तो म्हणाला.

"अन् पुंजाजी?"

"लबाड हाये." त्यानं पोळीचा तुकडा कढीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. "पन त्याले जास्त बोलू नको. त्याच्यासंगं भांडाले आता कोनी राह्यलं नाई."

झुंबरबाईनं न विचारता आणखी कढी वाढली.

हात धुऊन, गंध पुसून पुंजाजी उंबऱ्यात थांबला. "ते उकंडराव बोलला. म्या काई कबूल केलं नाई."

"मंग उद्या या धुऱ्यावर. पाहू."

दुसऱ्या दिवशी ती दिवस उगवताना शेतात पोचली. पुंजाजी आधीच येऊन बसला होता.

"लय उशीर केला," तो म्हणाला. "उकंडराव उजाडायच्या आंधी येत जाय."