उलटं चढणारं पाणी

कल्याणरावांनी सुपारी कातरता कातरता तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

"स्टेशनातून भायेर पडलं की उजव्या अंगाला मिठागरं, असंच म्हणलाव न्हवं?"

"डाव्या," पाहुणा म्हणाला.

"काल तर उजव्या म्हणलाव."

"न्हाई अप्पा. काल बी डाव्याच म्हणलो. उजव्या अंगाला किरिस्तावांचं देऊळ हाय."

काल तो डाव्याच म्हणाला होता, हे कल्याणरावांना पक्कं ठाऊक होतं. फासा टाकला होता, पण पाखरू काही बसलं नाही. त्यांनी अडकित्ता मिटला आणि सुपारीचं खांड पाहुण्यापुढे सरकवलं.

गंगाखेडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. कोणी रेशीम म्हणून काही दाखवलं, तर ते आधी एक धागा ओढत, दिव्यावर जाळत, वास घेत आणि मगच रेशमाला रेशीम म्हणत. कापडाच्या धंद्यात ही सवय सोन्यासारखी. पण तीच त्यांनी घरात, गल्लीत आणि सोयरिकीतही आणली होती. माणसाचा धागा ओढता येत नाही, म्हणून ते प्रश्न विचारत. संशय घ्यायला त्यांना कारण लागत नसे. कारण मागाहून सापडायचंच.

पाहुण्याचं नाव लिंगराज. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आईबाप प्लेगात गेले, तेव्हा मामानं उचलून मुंबईच्या बाजूला नेलं, ते तिकडचाच झाला. मुंबईच्या वरच्या अंगाला समुद्राकाठी खारवली नावाचं लहानसं शहर आहे, तिथं त्याचं किराण्याचं दुकान होतं. मठाच्या जंगमांनी स्थळ सुचवलं म्हणून तो लढाईच्या दिवसांतल्या गर्दीच्या गाड्या बदलत, करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी बोचकं उघडून दाखवत गंगाखेडला आला होता. आला होता तो कल्याणरावांच्या धाकट्या बहिणीसाठी. नीलम्मा विशीच्या आतच विधवा होऊन माहेरी परतली होती. लिंगायतांत विधवेचा पाट लागतो, त्याला कोणाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती एवढीच, की कल्याणरावांची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, आणि तेव्हापासून घरातली चूल आणि दोन लहान पोरी नीलम्माच्याच हाती होत्या. ही गोष्ट कल्याणराव कोणाजवळ बोलत नसत. स्वतःजवळ तर मुळीच नाही.

"वस्ती किती म्हणलाव?"

"धा-अकरा हजार असंल. कोळी, आगरी, भंडारी, किरिस्ताव. बाजारात गुजराथी वाणी. आन रोज गाडीनं मुंबईच्या गिरणीत जाणारे लय, ते सगळे भायेरून आलेले."

"आपले?"

"आपली चार घरं. मठ न्हाई. सोमवारी कुणाच्या तरी घरी पूजा असती."

"अकरा हजारांत चार घरं! मग तुमाला वळखतंय कोण?"

लिंगराज हसला. "तितं कुणी कुणाला इचारत न्हाई अप्पा, तुमी कुठले म्हणून. निम्मं गाव कुठून तरी आलेलंच हाय."

कल्याणरावांनी मान हलवली. ज्या गावात कोणी कोणाला विचारत नाही, ते गाव चोरांनाच सोयीचं. बाहेर एखादी बायको असेल, कुठं पोलिसांत नाव असेल, कोण सांगणार? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्टेशन. डावीकडे मिठागरं, उजवीकडे किरिस्तावांचं देऊळ. पुढं कोळीवाडा, वाळत घातलेल्या मासळीच्या काठ्या. मग खाडी. खाडीनं गावाचे दोन तुकडे केलेले, पलीकडे जायला होडी. पलीकडे उतरलं की पिंपळ, पिंपळामागं तिसरं दुकान. लिंगराज न कंटाळता सांगत होता आणि तो कुठं तरी चुकेल म्हणून कल्याणराव शब्द न् शब्द ध्यानात ठेवत होते. दोन दिवसांत त्यांना खारवली इतकी पाठ झाली, की डोळे बांधून सोडलं असतं तरी ते पिंपळापाशी पोचले असते.

अखेर लबाडी सापडली ती गावच्या नदीच्या, गंगेच्या, घाटावर.

सकाळी दोघं आंघोळीला गेले होते. नीलम्मा खालच्या पायरीवर धुणं धूत होती. सटवाजी भोई नाव बांधून विडी ओढत बसला होता. लिंगराजनं पात्राकडं बघितलं आणि सहज म्हणाला, "तुमची गंगा एकाच वाटंनं जाती. आमची खाडी जाती बी आन येती बी."

"येती म्हंजे?"

"सकाळी पानी समुद्राकडं जातं. दुपारी तेच उलटं वर चढतं. दिवसातून दोनदा. होड्या चिखलात आडव्या पडलेल्या असतेत, पानी आलं की उभ्या ऱ्हातेत."

सटवाजीनं विडी तोंडातून काढली. त्याचा आजाही याच नदीवर नाव चालवायचा. पाण्याबाबत गंगाखेडात त्याच्या शब्दापुढं शब्द नव्हता.

"उलटं चढतं? आपल्या आपण?" तो म्हणाला. "मग मी हितं वल्हं मारून खांदे कशाला मोडून घ्यायलोय?"

घाटावरची माणसं हसली.

"चंद्राच्या ओढीनं व्हतंय म्हणतेत," लिंगराज म्हणाला.

"घ्या! आता चंद्र बी आला!"

मग तर हसण्याला सुमारच राहिला नाही. कल्याणराव हसले नाहीत. त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की हसायची गरजच नव्हती. धागा जळाला होता आणि वास आला होता.

तेवढ्यात खालच्या पायरीवरून आवाज आला.

"मग काठावर ठिवलेलं सामान?"

सगळे वळले. नीलम्मा पिळा हातात धरून उभी होती. परक्या पुरुषाशी, तेही चारचौघांत, ती कधी बोलत नसे. तिच्या प्रश्नात हसू नव्हतं. जिथं राहायला जायचं त्या घरात पाणी कुठून भरतात, हे विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

लिंगराजनंही तसंच उत्तर दिलं. "ध्यान ठिवायचं. आडवी होडी सरळ व्हायला लागली की पानी आलं समजायचं. सामान दोन पायऱ्या वर घ्यायचं."

नीलम्मानं मान हलवली आणि पुन्हा धुण्याला बसली. कल्याणरावांना ती मान हलवणं अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी पाहुण्याला वाटेला लावलं. रीतसर, शिदोरी बांधून, 'शरणार्थी' असा नमस्कार करून, कळवतो म्हणून. परत आले तेव्हा नीलम्मा भाकरी थापत होती.

"गेले?"

"गेला. खोटारडा व्हता. पानी उलटं चढतंय म्हणं!"

नीलम्मानं भाकरी उलटली. ती जरा करपली होती. ती तिनं आपल्या ताटाला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

पुढं पाचएक वर्षं गेली आणि संशय घेण्यात कल्याणरावांनाही मागं टाकणारे दिवस आले. रझाकारांचा काळ होता. शेजारी शेजाऱ्याकडं खिडकीच्या फटीतून बघू लागला. कोण कुठं जातो, कोणाकडं कोण आलं, कोण कोणाशी हळू बोललं, सगळं कुठं तरी पोचू लागलं. संस्थानच्या हद्दीपलीकडं निघून गेलेल्यांच्या घरांना कुलपं दिसू लागली. एका दुपारी कल्याणरावांचं दुकान फुटलं, तेव्हा त्यांनी बोचकी बांधली, दोन्ही पोरींना आणि नीलम्माला घेतलं आणि गाडीत बसले. हद्दीपलीकडं जायचं, एवढंच ठरलं होतं. पलीकडं कुठं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

हद्दीच्या अलीकडच्या स्टेशनावर एक बंदूकवाला डब्यात चढला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कल्याणरावांपाशी थांबला.

"कां जा रै?"

कल्याणरावांनी बोचकं जवळ ओढलं. आणि मग कोणी तरी दुसरंच बोलावं तसं त्यांच्या तोंडून आलं, "खारवली."

"ये कां है? क्या है उधर?"

"मुंबई के पास, समुंदर पे. स्टेशन के बायें नमक की क्यारियां, दायें गिरजा. आगे मच्छीवालों की बस्ती, फिर खाडी."

बंदूकवाल्यानं बोचक्यांना बंदुकीच्या टोकानं ढोसलं आणि परत वळला. "दायें क्या बोले? नमक?"

"नमक बायें. दायें गिरजा."

तो थोडा वेळ बघत राहिला. कल्याणरावांना ती नजर ओळखीची होती. फासा टाकून बसलेल्याची नजर.

"उधर कौन है तुमारा?"

"लिंगराज. खाडी के पार, पीपल के पीछे उसकी दुकान है."

"कौन लगता?"

कल्याणरावांनी नीलम्माकडं बघितलं. थांबून चालणार नव्हतं.

"बहनोई," ते म्हणाले.

बंदूकवाल्याची नजर नीलम्माकडं गेली. तिनं तोवर पदर पार भुवयांपर्यंत ओढून घेतला होता. तिचं कुंकू नसलेलं कपाळ त्याला दिसलं नाही. तो पुढच्या डब्याकडं गेला.

मनमाडला गाडी बदलताना कल्याणरावांनी खारवलीचीच तिकिटं काढली. त्यांना लाज वाटत होती. पण दुसरं कुठलं गाव त्यांना माहीत नव्हतं.

खारवलीच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर त्यांनी कोणालाही वाट विचारली नाही. डावीकडं मिठागरं पांढरी चमकत होती. उजवीकडं किरिस्तावांचं देऊळ होतं. कोळीवाडा आला, मासळीच्या काठ्या आल्या. एक एक खूण जागेवर सापडत होती, तसतशी कल्याणरावांची चाल मंद होत होती. कुठं तरी काही चुकावं, असं त्यांना फार वाटत होतं.

खाडीवर पोचले, तर खाडीत पाणी नव्हतंच. मधोमध एक ओहळ आणि दोन्ही अंगांना काळा चिखल, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या. दगडी पायऱ्या चिखलापर्यंत उतरत गेल्या होत्या. त्यांनी खालच्या पायरीवर बोचकी टेकवली. वरती सावलीला होडीवाला बसला होता.

"पलीकडं जायचंय."

"पाणी येऊ दे," तो म्हणाला. "बसा."

त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कल्याणरावांनी वाटेत तयार केलेलं उत्तर तसंच राहिलं. शेवटी त्यांनीच विचारलं, "पिंपळामागं लिंगराजअप्पांचं दुकान हाय न्हवं अजून?"

"आहे की. ह्या वेळेला त्यांची बायको बसते दुकानात. भली बाई आहे."

नीलम्मा पोरींना जवळ घेऊन पायरीवर बसली होती. तिनं ऐकलं की नाही, ते कळलं नाही. ती समोर बघत होती.

कल्याणरावही बघत होते. ओहळात एक नारळाची करवंटी समुद्राकडं चालली होती. ती मंदावली. एका जागी फिरत राहिली. त्यांनी डोळे पुसून पुन्हा बघितलं. करवंटी परत फिरली होती आणि हळूहळू गावाच्या दिशेनं वर चढत होती. तिथं हसायला सटवाजी नव्हता आणि घाटावरची माणसंही नव्हती.

मागं काही तरी हललं म्हणून ते वळले. नीलम्मा उठली होती. तिनं एक बोचकं उचललं, दोन पायऱ्या वर ठेवलं. परत खाली आली, दुसरं उचललं. पाणी अजून पायरीपासून लांब होतं.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

नीलम्मानं चिखलातल्या होडीकडं बोट दाखवलं. ती कुशीवरून किंचित उठली होती.

"तुमच्यासमोरच सांगितलं व्हतं की, अण्णा."

एक बोचकं खाली राहिलं होतं. ते घ्यायला ती वाकली, तेव्हा कल्याणरावांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं. दोन पायऱ्या चढून त्यांनी ते वर ठेवलं, आणि पाणी त्यांच्या मागं चढत राहिलं.