तुपाच्या पळीवरचा आळ

मित्रांनो, मी चांदीची, तुमच्या करंगळीएवढी तुपाची पळी आहे. वय झाले आहे, आणि एका माणसाच्या मरणाचा आळ माझ्यावर आहे. तो खरा की खोटा, हे मला आजही ठाऊक नाही.

साताऱ्याच्या एका सोनाराने मला घडवले. सुलभाताईंच्या लग्नात मी रुखवतावर मिरवले आणि त्यांच्याबरोबर लखनौला आले. त्यांचे यजमान शशिकांतराव तिथे रेल्वेत इंजिनिअर, घर अलीगंजला. आपल्याकडे वरणभातावर तूप पडल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. ते काम माझे. पाने वाढून झाली तरी सगळे माझी वाट पाहत बसत, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

शशिकांतरावांचे एका पळीने भागत नसे. "अजून जरा," ते म्हणत, आणि सुलभाताई हसून वाढत. दुसरी, तिसरी, चौथी. पुरे झाले की लोक पानावर हात आडवा धरतात. त्यांनी तो कधी धरला नाही. ऑफिसात रोज कचौड्या होत, वर सिगारेटी, पण ते सगळे सुलभाताईंच्या डोळ्यांआड. एक्क्याण्णव साली एका दुपारी पानावरून उठताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मी वाटीतच होते, अंगाला तूप तसेच.

तेराव्यानंतर सुलभाताईंनी मला शशिकांतरावांच्याच रुमालात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात टाकले. घरातले तूप गेले, तेल गेले, तीळ आणि शेंगदाणेही गेले. डब्यात मी काळी पडत गेले. चांदी काळवंडतेच, पण मला वाटे हे काळे माझ्या आतून येते आहे. आणि तो आवाज काही जाईना. भांडे वाजले, फडताळ उघडले, की मला ऐकू येई: अजून जरा.

डबा स्वयंपाकघरातच होता, म्हणून पुढचे सारे मी ऐकले. मुलगी रुचा कॉलेजात जाऊ लागली आणि तिचे पोट बिघडले. सकाळी कळा येत, पोट फुगे. कधी चारदा धावावे लागे, कधी तीन दिवस काहीच नाही. कॉलेजला नेणाऱ्या टेम्पोत बसायचीही तिला धास्ती वाटू लागली. बी.एस्सी.चा एक पेपर तिने अर्ध्यावर टाकून घर गाठले. आता ऑगस्टमधली पुरवणी परीक्षा हुकली तर वर्ष बुडणार होते. सुलभाताईंनी पथ्य आणखी कडक केले. कोरडे फुलके, उकडलेला दुधी. पोर वाळत चालली.

शेवटी शेजारच्या चारुलताबाई आल्या. त्यांचे यजमान हवाई दलात, आणि त्या स्वतः आहारतज्ज्ञ. डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या ठीक होत्या, आतडे तेवढे चिडखोर झाले होते. चारुलताबाईंनी रुचाला दिवसभरात काय खातेस ते विचारले.

रुचा पुटपुटली, "आंटी, घर का सूखा खाना गले से नहीं उतरता. कॉलेज के बाहर समोसे खा लेती हूँ. रोज़."

नवरा बाहेर काय खात होता ते सुलभाताईंना तेराव्याला कळले होते आणि त्यांनी कानाआड केले होते. आता लेकही तेच करत होती.

चारुलताबाईंनी तळलेले आणि जळजळीत तिखट बंद करायला सांगितले. जेवण वेळेवर आणि सावकाश, मऊ वरणभात, चमचाभर जवसाची पूड आणि भरपूर पाणी. भातावर पळीभर तूपही.

"तुपानंच माणूस गेला माझा," सुलभाताई हळूच म्हणाल्या.

"मी एकच पळी म्हणतेय, सुलभाताई. सगळंच तोडलंत म्हणून ती समोशांकडे धावते."

आठ दिवस साय साठली. लोणी कढले तसा तो वास घरभर झाला आणि शेगडीपाशी उभ्या उभ्या सुलभाताई खूप रडल्या. मग मला डब्यातून काढून टूथपावडरने घासले. काळे गेले, पण भीती गेली नाही. ही पोरही माझ्याच हातून गेली तर? सुलभाताईंनी मला रुचाच्या भातावर धरले. एक पळी पडताच रुचाने पानावर हात आडवा धरला. "बस, आई."

कळा अगदीच थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. तिला काय सोसते आणि काय नाही, हे हळूहळू कळू लागले. ऑगस्टचा पेपर रुचाने शेवटच्या घंटेपर्यंत बसून लिहिला.

पुढच्याच महिन्यात पितृपक्ष आला. पाच वर्षे शशिकांतरावांचे पान तुपावाचून वाढले जात होते. त्या दिवशी सुलभाताईंनी माझ्याकडून त्यांच्या भातावर एक पळी तूप घातले. मग जुन्या सवयीने मी पुन्हा वाटीत बुडाले, भरून वर आले, आणि तो आवाज मला अगदी जवळून ऐकू आला. अजून जरा. सुलभाताईही थबकल्या. त्यांनाही तो ऐकू आला असावा.

त्यांनी आपला डावा हात नवऱ्याच्या पानावर आडवा धरला, आणि मला रिकामी करून वाटीत ठेवले.

मित्रांनो, वाढणाऱ्याचा हात मायेचा असतो, त्याला थांबणे जमत नाही. म्हणून मला डब्यात कोंडू नका. पण एक पळी झाली की पानावर हात तुम्ही धरा.