बासष्टावी तपासणी

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजून एक्केचाळीस मिनिटे. नोर्दरडीप गावातले कालव्याकाठचे सुपरमार्केट. ग्राहकांनी स्वतःच बिल करायच्या सहा यंत्रांपैकी चौथे यंत्र. वुबिना तामेन्स, वय अठ्ठ्याहत्तर, हिने आठ वस्तू एकेक करून यंत्राच्या काचेवरून फिरवल्या, पिशवीत भरल्या, कार्ड टेकवले, पावती घेतली आणि पावतीवरच्या काळ्या रेघा बाहेरच्या फाटकाला दाखवल्या. फाटक उघडले. तिची पिशवी कोणीही तपासली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होतो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या दैनिकाकडे या दुकानाबद्दल पत्रांचा ढीग आला होता. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका परिचारिकेची पिशवी सगळ्या रांगेदेखत रिकामी केली गेली होती. कालव्याचे दरवाजे सांभाळून निवृत्त झालेला एक गृहस्थ आता मुद्दाम सगळ्यात वर खारवलेले मासे उघडे ठेवत होता, म्हणजे पिशवीत हात घालणाऱ्याच्या बोटांना दिवसभर वास यावा. या दुकानात पूर्वी गल्ल्यावर तीन बायका बसायच्या आणि घरच्या आजाऱ्याची चौकशी करायच्या. आता त्यांतली एकच उरली आहे, आणि तिचे काम पैसे घेण्याचे नसून संशय घेण्याचे आहे. तोही स्वतःच्या मनाने नव्हे, तर यंत्रावरचा दिवा ज्याच्यावर लाल होईल त्याच्यावर. पैसे मोजणारा माणूस चोर आहे असे गृहीत धरायचे आणि त्याला 'अचानक तपासणी' असे सभ्य नाव द्यायचे, या प्रकाराची मला मनापासून चीड होती. अडतीस वर्षे बातमीदारी केली आहे. सभ्य नावांखाली काय चालते ते मला ठाऊक आहे.

त्या ढिगातच वुबिनाबाईंचे पत्र होते. 'तुमच्या पेपरात सगळे रडतात की आम्हाला थांबवतात,' त्यांनी लिहिले होते. 'मी नऊ वर्षं दर गुरुवारी त्या यंत्रावर जाते. मला आजवर एकदाही थांबवलेलं नाही. मी काय कोणाला दिसत नाही का?'

मी त्यांच्या घरी गेलो. कालव्याच्या पलीकडच्या काठावर विटांचे बैठे घर, खिडकीत दोन सारख्या कुंड्या. त्यांनी कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट दिले आणि डब्याचे झाकण लावले.

"हे बघा, अशी भरते मी पिशवी," असे म्हणून त्यांनी टेबलावर सगळे मांडून दाखवले. "जड वस्तू खाली, बारकोड वर. तपासायला येणारीला शोधाशोध नको. नऊ वर्षं तयारीत असते मी, आणि कोणी येतच नाही. समोरच्या घरातल्या यान्याला तीनदा धरलं. तो मला म्हणतो, वुबिना, तुझ्या तोंडाकडे बघून चोरांनासुद्धा लाज वाटत असेल."

"आई, पुरे की गं," खिडकीपाशी उभा असलेला माणूस म्हणाला. हा त्यांचा मुलगा डेर्क. पन्नाशीचा, शहरात विमा कंपनीत नोकरीला, थकलेला.

मला पोचवायला तो दारापर्यंत आला आणि दार ओढून घेऊन हलक्या आवाजात बोलला. आईचे दुकानाचे कार्ड त्याच्या नावावर होते, त्यामुळे कार्डाच्या नोंदी त्याला मागवता येत, आणि त्या त्याने मागवल्या होत्या. नऊ वर्षांत तिची एकसष्ट वेळा तपासणी झाली होती.

"एकसष्ट वेळा, साहेब. तिला एकही आठवत नाही. पुढच्या मंगळवारी नगरपालिकेची बाई येणार आहे, टेबलाशी बसून बोलायला. तिनं कागदावर लिहिलं की आई एकटी राहू शकत नाही, तर मग वृद्धाश्रमात. तिथल्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं."

"गॅस वगैरे चालू राहिलाय कधी?"

"नाही. तो राहीपर्यंत थांबू, असं म्हणता का?"

त्याला वाईट माणूस म्हणता येणार नाही. पण परतताना पुलावर मी थांबलो, कारण एक सरळ शंका मला आली होती. कर्मचाऱ्यांना दिवसाला अमुक इतक्या तपासण्या नोंदवाव्या लागतात, हे मला परिचारिकेच्या प्रकरणात कळले होते. आकडा भरायला गरीब, न भांडणारी म्हातारी निवडायची, तिच्या नावावर न केलेली तपासणी चढवायची आणि 'सर्व बरोबर' असा शेरा मारायचा. दुकानाच्या त्या आळसापायी एका शहाण्या बाईला वेडी ठरवून घराबाहेर काढले जात होते. ही बातमी होती, आणि तिला साक्षीदार हवा होता.

मी आधी रूलीला गाठले. तपासणीची जबाबदारी असलेली ती एकटी बाई म्हणजे माझ्या शाळेतली रूली. तिच्यासमोर माझी शंका मांडल्यावर तिने हातातला रुमाल काउंटरवर आपटला.

"एल्त्यो, तू मला खोटारडी म्हणायला आलास? दहावीत माझ्या वहीतून गणितं उतरवणारा तू! वुबिनाबाईंना मी ओळखत नाही का? दिवा लाल झाला की त्या स्वतःच पिशवी टेबलावर ठेवतात. बाकीच्यांच्या वरच्या चार वस्तू बघून मी सोडून देते. त्या सोडू देत नाहीत. म्हणतात, तळापर्यंत बघ, नीट बघ."

"मग तळाशी काय असतं?"

रूलीने रुमालाची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"सगळं बरोबर असतं," ती म्हणाली.

सुरुवातीला सांगितलेला तो गुरुवार त्यानंतरचा. मी वुबिनाबाईंबरोबर दुकानात गेलो. राय धान्याची पावरोटी, ताक, कांद्यांच्या दोन जुड्या, मोहरीची बरणी, असे सगळे त्यांनी नेहमीच्या क्रमाने घेतले. चौथ्या यंत्रापाशी मी वहीत वेळ टिपली. दिव्यावरून मी नजर हलवली नाही. तो हिरवा होता आणि हिरवाच राहिला. रूली तिच्या टेबलामागे उभी होती आणि तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. फाटक उघडले, थंड वारा तोंडावर आला, आणि वुबिनाबाईंनी माझी बाही धरली.

"बघितलंत ना? तुमच्या डोळ्यांनी बघितलंत?"

"बघितलं, बाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या सायकलवर बसून पुलाकडे गेल्या आणि मी कचेरीत आलो. कचेरी पाच मिनिटांवर आहे. आत शिरलो तेव्हा सव्वाअकराची बैठक सुरू झाली होती आणि संपादक माझ्याकडे रागाने बघत होता. बाहेर आम्ही बोलत उभे राहिलो असू, असे मी धरून चाललो.

दुपारी व्यवस्थापक बाकेमा यांच्यासमोर मी बसलो तेव्हा माझ्यापाशी वही होती, वेळ होती आणि अडतीस वर्षांचा राग होता. त्या दिवसाची नोंद दाखवा, मी म्हणालो. ते सालस गृहस्थ होते. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

नोंद होती. तपासणी सुरू, दहा एक्केचाळीस. तपासणी थांबवली, अकरा वाजून सात मिनिटे. कर्मचारी रूली. पण शेऱ्याच्या रकान्यात आधीच्या एकसष्ट ओळींसारखे 'सर्व बरोबर' नव्हते. तिथे लिहिले होते: 'अपूर्ण. सोबतच्या व्यक्तीच्या विनंतीवरून.'

मी ओरडलो असेन. बाकेमांनी रूलीला बोलावून घेतले. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. माझ्याशी ती कधी इतक्या हळू बोलली नव्हती.

"एल्त्यो, असं काय करतोस? पिशवी तूच धरली होतीस. मी एकेक काढत होते आणि त्या म्हणत होत्या, अजून खाली, अजून खाली. आणि मग तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, पुरे, रूली, आता खाली जाऊ नकोस. तुझा चेहरा असा झाला होता की मी थांबले. नऊ वर्षांत पहिल्यांदा थांबले."

तिने बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे फिकट वळ होते. कोणाच्याही बोटांचे असू शकतील, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

कॅमेऱ्याचे चित्रण मागितले तर ते दोन दिवसांत पुसले जाते, असे सांगण्यात आले. दोन दिवस उलटले नव्हते हे मी सांगितल्यावर, ते मुख्य कचेरीच्या ताब्यात असते असे सांगण्यात आले. ही टोलवाटोलवी मला ओळखीची आहे. तिच्यामागे नेहमी काहीतरी दडवलेले असते. फक्त या वेळी दडवणारा कोण, ते मला ठरवता येईना.

मंगळवारी त्या टेबलाशी आम्ही चौघे बसलो. नगरपालिकेची मार्लूस तरुण होती, मऊ बोलायची, आणि तिच्या फायलीत नऊ वर्षांच्या एकसष्ट ओळींचा कागद सगळ्यात वर होता. बासष्टावी ओळ त्यात नव्हती; डेर्कने नोंदी मागवल्या तेव्हा ती घडलीच नव्हती. वुबिनाबाईंनी आपला चांगला निळा स्वेटर घातला होता आणि दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते.

"तुम्ही स्वतः हजर होता?" मार्लूसने मला विचारले.

"होतो. फाटकापर्यंत सोबत होतो. त्यांची पिशवी कोणी उघडली नाही."

"आणि त्या दिवसाची दुकानाची नोंद काय सांगते?" डेर्कने विचारले.

अडतीस वर्षांत मी महापौरांना, कारखानदारांना, एका मंत्र्याला असाच प्रश्न विचारला आहे आणि उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या नजरा कुठे वळतात ते टिपून ठेवले आहे. माझी नजर कुंड्यांकडे गेली.

"मी पाहिलं ते सांगितलं," मी म्हणालो. "नोंदीवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, ते तुम्ही ठरवा."

मार्लूसने बराच वेळ लिहिले. मग तिने सांगितले की आश्रमाची शिफारस करायला पुरेसे कारण तिला दिसत नाही आणि वर्षभराने ती पुन्हा येईल. डेर्क उठून मागच्या अंगणात गेला. तो रडत होता की सुटकेचा श्वास घेत होता ते पाठीवरून कळले नाही. वुबिनाबाईंनी बिस्किटांचा डबा उघडला आणि या वेळी उघडाच राहू दिला.

निघताना त्यांनी मला दारात थांबवले.

"एक विचारू? त्या गुरुवारपासून घरात सारखी घरघर ऐकू येते. मोठे मोठे फ्रिज चालू असल्यासारखी. आणि दिवा घालवला तरी उजेड जात नाही, पांढरा पांढरा. डेर्कला सांगितलं नाही मी. तुमच्याकडे होतं का असं?"

"नाही," मी म्हणालो. ते खोटे होते.

डेर्कने आठवडाभरातच कार्डाची नवी नोंद मागवणार असल्याचे मला फोनवर सांगितले. धमकी म्हणून नव्हे. मनाची खात्री व्हावी म्हणून, असे तो म्हणाला. बासष्टावी ओळ त्याच्या हातात पडली की माझी साक्ष संपणार होती, आणि साक्ष संपली की ते घरही. म्हणून मी दुकानाच्या मुख्य कचेरीला कडक शब्दांत पत्र लिहिले. घडलीच नाही अशी तपासणी तुम्ही माझ्या नावावर अपूर्ण दाखवली आहे. ती नोंद रद्द करा, नाहीतर हे सगळे छापतो.

उत्तर चार ओळींचे आले. नोंद रद्द करता येत नाही, कारण ती यंत्रांच्या इतर नोंदींशी जुळते. तपासणी अपूर्ण असेल तर त्या पावतीवर फाटक उघडत नाही. आणि सदर पावतीवर ते उघडल्याचे आढळत नाही.

मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडची अधिकारी बाई नम्र होती. पावती सोडा, मी म्हणालो, फाटकातून जाणारा प्रत्येक माणूस तुम्ही मोजता ना? तो आकडा काढा, म्हणजे आम्ही बाहेर पडलो की नाही ते दिसेल. तिने थांबायला सांगितले. बटणांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"सर," ती म्हणाली, "दुकान बंद करताना आत कोणी नव्हतं. तशी सही आहे."

"मी आकडा विचारला."

तिने आकडा सांगितला. तो लेखी द्या, असे मी म्हणालो, आणि तिने तो लेखी दिला. कागद माझ्यासमोर आहे. गुरुवार, चौदा नोव्हेंबर रोजी त्या दुकानात एक हजार एकशे चौदा माणसे आत गेली आणि एक हजार एकशे बारा बाहेर पडली. उरलेली दोन माणसे कुठे आहेत, असे मी दुकानाला तीनदा विचारले आहे, नगरपालिकेला एकदा आणि पोलिसांना एकदा. कोणीही अजून उत्तर दिलेले नाही.