परदेशी शिमांचं गाऱ्हाणं

माझा पुतण्या दीपक स्वतःच्या गाडीने लंडनला निघाला, तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीला आनंद झाला. मला नाही झाला. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

कारण बाजूची सीट माझी होती. दीपकला गाडी मी शिकवली, माझ्या टेम्पोवर, गिरणीच्या भिंतीलगतच्या गल्लीत. "काका, तुम्ही बाजूला असलात की मी कुठेपण जाईन," हे त्याचंच बोलणं. त्या बोलण्यावर मी साठी उलटल्यावर पासपोर्ट काढला आणि अर्ध्या परळला दाखवला.

मग एक दिवस तो खाली मान घालून आला.

"काका, बॉर्डरवर लफडी असतात. ड्रायव्हरला गाडीबरोबर एका गेटने सोडतात आणि बाकीच्यांना उतरवून दुसरीकडून चालत पाठवतात. तिथे तुम्ही एकटे पडाल. कोणी अडवलं तर काय बोलणार?"

"मग कोण येतोय?"

"ध्रुव. ऑफिसमधला. त्याला थोडं रशियन येतं. चीनच्या पुढे ते चालतं."

हा ध्रुव लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसतो. गाडी मागे घ्यायला त्याला वॉचमनची शिट्टी लागते. आणि कहर म्हणजे देश ओलांडायला गाडीचाही एक पासपोर्ट लागतो म्हणे. तो दीपकने मला कौतुकाने दाखवला. त्या डबड्याच्या पासपोर्टावर शिक्के पडणार आणि माझा कपाटात कोरा. जळफळाट झाला नुसता.

निघायच्या सकाळी गाऱ्हाणं घालायचं होतं. कोणी लांबच्या वाटेला निघालं की नारळ ठेवून देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची कोकणातली रीत. गावाच्या शिमेवर, म्हणजे हद्दीवर, राखणदार देव असतो; त्यालाही सांगायचं. चाळीत ते काम माझं. घसा बसलाय असं मी सांगून पाहिलं.

"जेवताना बरो सुटता घसो तुमचो," बायको म्हणाली आणि नारळ हातात दिला.

मी गाडीपुढे उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो दीपक तुका नारळ ठेवन परदेशाक निघालो हा. वाटेत नेपाळची शीम लागात, चीनची लागात, पुढे आनी खयच्या खयच्या लागतीत. थंयच्या राखणदाराक सांग, ह्यो आपलो झील, आपलो पोरगो आसा, तेका आडवू नको."

"होय म्हाराजा!"

यापुढचं वाक्य ठरलेलं असतं: कोणाची वाईट नजर पडली असेल तर ती दूर कर. ते माझ्या तोंडातून निघेना. ती कोणाची, हे मला ठाऊक होतं. देवापुढे खोटं बोलून पोराला एवढ्या लांब कसं पाठवणार?

"तेच्यावर वायट नजर पडली हा म्हाराजा, ती माजी आसा. तेच्या बाजूची सीट माजी होती. माज्या पोटात दुखता. ता दुखणा माज्याकडेच ऱ्हवांदे, तेच्या गाडयेक लागाक देऊ नको."

"होय म्हाराजा!" सवयीने सगळी चाळ ओरडली. ध्रुवही ओरडला, त्याला मालवणी कळत नव्हती. मग मी काय बोललो ते एकेकाच्या ध्यानात आलं.

दीपक तेवढा "होय म्हाराजा" म्हणाला नव्हता. तो येऊन माझ्या पाया पडला.

"म्हण रे," मी म्हटलं. "एकान जरी नाय म्हटला तरी गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवता."

"होय म्हाराजा," तो म्हणाला, आणि काही केल्या माझे पाय सोडेना.