फटीतली झाडं

फरशीवाल्याच्या स्वतःच्या घरामागे मात्र फरशीला फटी होत्या, आणि त्यावरून सोबतच्या गवंड्यांनी त्याची भरपूर चेष्टा केली होती. करणी बायकोची. बोटभर रुंद फटींत तिनं खडी-वाळू भरली आणि डोंगरमाथ्यावरची झाडं लावली. नखाएवढ्या पानांची, दगडाला बिलगून पसरणारी. उन्हाळ्यात त्यांना जांभळी, पांढरी फुलं यायची. तो कुरकुरत, पाय जपून टाकत जायचा.

थंडीच्या तोंडावर ती गेली.

दर थंडीत तो बाहेरगावी मोठ्या कामांवर असायचा. यंदा पहिल्यांदाच घरी बसला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक फट तपकिरी पडत गेली. पान चिमटीत धरलं तर भुगा व्हायचा. त्याला वाटलं, तिच्यामागे झाडंही गेली. सकाळी चहा घेताना ते बघवेना. थंडी ओसरत आली तेव्हा त्यानं सिमेंट कालवलं आणि सगळे सांधे भरून टाकले.

चौथ्या दिवशी मेहुणी आली, रिकाम्या कुंड्या घेऊन.

"ताई रोपं देणार होती मला. आता मीच काढून नेते, भावजी. तुमच्या भरवशावर ठेवली तर झालंच."

"कुठून नेशील? मेली सगळी."

"मरायला काय धाड भरलीय त्यांना? थंडीत वाळल्यासारखी दिसतात, दरवर्षीच. ऊन तापलं की फुटतात." बोलत बोलत तिनं मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. "हे कोणी केलं?"

चहाचा कप त्याच्या हातातच राहिला. "मीच," तो म्हणाला. फरशीकडे बघवेना, तिच्याकडेही बघवेना. सांधा कुठे खालीवर नव्हता, कुठे केसाएवढी भेग नव्हती. तीस वर्षांत इतकं नेटकं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

तो छन्नी-हातोडा घेऊन आला. सांध्यावर छन्नी टेकवली आणि हात आखडला. ठोका बसला तर खालचं सगळं चिरडणार. मग पहार आणली आणि कडेची अख्खी फरशी उचकटली.

मुळं नुसती फटीत नव्हती. फरशीखाली चहूकडे पसरली होती, केसांसारखी बारीक, पांढरी, ओली. इतकी वर्षं तो त्यांच्यावरून चालत होता.

"जिवंत आहेत," मेहुणी खाली बसत म्हणाली. "सिमेंटचं पाणी इथवर आलेलं नाही. पण सगळीकडे असं असेलच असं नाही हं, भावजी."

त्यानं दुसरी फरशी उचकटली. खालची मुळं काळी पडली होती, बोट लावताच गळून आली.

"भावजी, जरा बसा. पाणी आणते."

त्यानं तिसरीखाली पहार घातली होती.